शनिवार-रविवारचे आकडे

९ जानेवारी

प्रिय ताईस,

हे पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. गुडघे सोडले तर आईची कसलीच तक्रार नाही. फोन न करता लिहितेय, कारण फोन लावला की आई शेजारी येऊन बसते आणि "मला दे, मला दे" सुरू करते. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस. हे तसं मोकळं होण्यासारखं नाही.

मागच्या आठवड्यात आमच्या परीक्षा विभागातल्या सगळ्या कारकुनांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवलं. विद्यापीठातल्या प्रत्येकानं, मग तो संशोधक असो की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजणारा, ते करायचंच असा आदेश निघाला होता. विषय, ‘कामातला प्रामाणिकपणा’. पुढे संशोधक आणि मागे आम्ही कारकून, असे आपोआपच बसलो. शिकवायला एक तरुण मुलगी होती, गोड बोलणारी. ती म्हणाली, हे साहित्य माझं नाही, एका अनुभवी बाईंनी तयार केलंय आणि आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तुझ्या प्रशिक्षण केंद्राचं नाव होतं. खरं सांगते, माझा ऊर भरून आला. शेजारणीला कोपरानं ढोसून म्हटलं, ही माझी मावसबहीण.

मग केस क्रमांक चार आली.

‘क’ नावाची एक संशोधक. मोहरीच्या बियांच्या उगवणीवर काम करते. रोज सकाळी बिया ठेवलेलं कपाट उघडायचं, किती बिया उगवल्या ते मोजायचं, वहीत लिहायचं. एके दिवशी घरून निरोप येतो, आईचं तातडीचं ऑपरेशन. ती शुक्रवारी निघून जाते, सोमवारी परत येते आणि शनिवार-रविवारचे रकाने मागच्या-पुढच्या आकड्यांवरून अंदाजानं भरून टाकते.

ताई, माझा वाटाणा होता, त्याची तू मोहरी केलीस. बाकी सगळी मीच होते.

पाच-पाच जणांचे गट केले. प्रत्येक गटाला एक चार्ट पेपर आणि एक प्रश्न, ‘क’चं काय चुकलं? माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. गटातली एक चष्मेवाली संशोधक म्हणाली, "अशा लोकांमुळेच आपल्या सगळ्यांकडे संशयानं बघतात." भांडार विभागातले एक गृहस्थ म्हणाले, "ऑपरेशन हे निमित्त हो. वृत्तीच तशी असते एकेकाची." मी लिहिलं. ‘वृत्ती’ हा शब्द माझ्या हातानं, ठळक, खाली रेघ मारून. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. "तुम्ही काहीच बोलला नाहीत." मी म्हटलं, "तिनं आधीच सांगायला हवं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी तेही लिहिलं.

ना कोणाला सांगता येत होतं, ना उठून जाता येत होतं. कानशिलं तापली होती. चहाच्या सुट्टीत मी बेसिनपाशी उभी राहून तोंडावर पाणी मारत राहिले. सतरा वर्षं झाली. मला वाटलं होतं, ती शरम आता जुन्या कपड्यासारखी धुऊन धुऊन मऊ पडली असेल. नाही पडली.

आणि शेवट. तुझ्या गोष्टीत ‘क’च्या एका मैत्रिणीला हे कळतं. ती तिला चहाला घेऊन जाते, शांतपणे समजावते. ‘क’ स्वतः जाऊन गाइडना सांगते, प्रयोग पुन्हा करते, तिला पदवी मिळते. मला कागदावर तरी पदवी दिलीस, त्याबद्दल आभार मानू की भांडू ते कळत नाही. पण ती मैत्रीण कोण गं? माझ्या आठवणीत तिथं मला चहाला नेणारं कोणी नव्हतं. होते ते चावीवाले काका, लॅबच्या किल्ल्या सांभाळणारे, आणि त्यांनी माझी चहाडी केली हे तुला ठाऊकच आहे.

तू मला आधी विचारलं का नाहीस, एवढंच विचारायचंय.

तुझी
भिंगरी


२१ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. वार्षिक अहवालाचे दिवस असल्यामुळे उत्तराला उशीर झाला.

तुला त्रास झाला याबद्दल मनापासून वाईट वाटतं. असं साहित्य तयार करताना खऱ्या घटनांवर आधारलेली उदाहरणं घ्यावीत, असा संकेत आहे. ऐकणाऱ्यांना ती लवकर पटतात. ओळख पटेल असे तपशील मी काळजीपूर्वक बदलले होते. ते तुमच्या विद्यापीठापर्यंत पोचेल आणि नेमकी तूच समोर बसलेली असशील, हे मनात आलं नाही. तुला विचारायला हवं होतं, हे मान्य आहे.

मैत्रीण काल्पनिक आहे. प्रशिक्षणात नुसती चूक दाखवून भागत नाही, योग्य वागणं कसं असतं तेही दाखवावं लागतं, म्हणून ते पात्र घातलं. चार्ट पेपरवर लोक काय लिहितात ते मनाला लावून घेऊ नकोस. दुपारच्या सत्रात लोक काहीही लिहितात.

काकांचं म्हणशील तर त्या फार जुन्या गोष्टी झाल्या. ते केव्हाच निवृत्त झाले असतील. आता ते उकरून काय करायचं.

तुझी इच्छा असेल तर पुढच्या सुधारित आवृत्तीत ही केस बदलण्याचा विचार करता येईल.

मावशीला नमस्कार. गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी देत जा.

तुझी
ताई


२ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, पाकिटं बदलली, हे आमच्या कुलसचिवांना लिहिलेलं दिसतंय. दुसऱ्यांदा शेवटी गुडघे आले तेव्हा खात्री पटली की मलाच आहे.

असो. मी रागावलेली नाही. तू ती गोष्ट वापरलीस, त्यातून चार माणसं शहाणी झाली असतील तर माझी शरम कामाला आली म्हणायची. मला आता दुसरंच काहीतरी छळतंय.

त्या प्रशिक्षणाच्या शेवटी आम्हाला एकेक चिठ्ठी दिली होती. परत गेल्यावर कोणती एक गोष्ट कराल ते लिहा. सगळ्यांनी ‘फायली वेळेवर’ वगैरे लिहिलं. मी कोरीच दिली. घरी येताना मात्र सारखे चावीवाले काका डोळ्यांपुढे येत होते. आठवतं ना, आपल्या गाइड सरांच्या टेबलावर किल्ल्यांची वही उघडी होती. शनिवार-रविवारी लॅब उघडलीच नव्हती, हे त्या वहीत स्वच्छ दिसत होतं. ती वही काकांची. मी सरांच्या खोलीतून बाहेर आले आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर त्यांना नको नको ते बोलले. वडिलांच्या वयाचा माणूस. हातात फिनेलची बादली घेऊन नुसता उभा होता. एक शब्द उलटून बोलला नाही, म्हणून तर मला खात्रीच पटली.

मी केलं ते चुकलंच होतं आणि त्यांनी सांगितलं ते खरंच होतं. सांगण्याआधी मला एकदा विचारायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं. पण सतरा वर्षं मनात अढी धरून बसणं बरं नाही. आपल्या जुन्या विभागातल्या टायपिस्टबाईंना फोन करून मी त्यांचा पत्ता मिळवला. मुलीकडे राहतात, इथून बसनं दोन तास. पुढच्या महिन्यात सवड काढून जाणार आहे. त्यांना म्हणणार, काका, झालं गेलं, मी तुम्हाला माफ केलंय.

बरोबर आहे ना? तू या विषयातली जाणकार, म्हणून विचारते.

तुझी
भिंगरी


६ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

‘काकांकडे जाऊ नकोस’ असं आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला. जा. पण माफ करायला जाऊ नकोस. त्यांनी काहीही सांगितलं नव्हतं. सरांना मी सांगितलं.

आता हे लिहूनच टाकते, नाहीतर पुन्हा अहवालाचे दिवस निघतील.

पुढच्या दोन वर्षांची शिष्यवृत्ती आपल्या दोघींपैकी एकीलाच मिळणार हे तुला ठाऊक होतं, मलाही. एका खोलीत राहून आपण त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो. तू परत आल्यावर तीन-चार दिवसांनी सरांनी मला बोलावलं. काहीतरी वाचता वाचता म्हणाले, "बहिणीचं काम कसं चाललंय?" मी म्हटलं, "चांगलं चाललंय, सर." तिथं थांबता आलं असतं. त्यांनी पुढचं पानही उलटलं होतं. मी म्हणाले, "फक्त मागच्या शनिवार-रविवारी ती इथं नव्हती आणि वहीत आकडे आहेत. तेवढं एकदा बघून घ्या."

‘बघून घ्या’ म्हणाले मी. जाता जाता गॅस बंद आहे का बघून घ्या म्हणावं, तसं.

आणि मला ते कळलं कसं? तूच सांगितलं होतंस. सोमवारी, आरशापुढे केस विंचरताना. "दोन रकाने अंदाजपंचे ठोकून दिले गं ताई." मी तुझ्याबरोबर हसले होते.

याच्याही आधीचं एक आहे. शुक्रवारी तू रडत रडत पिशवी भरत होतीस तेव्हा मी म्हणाले, "तू जा, इकडचं मी बघते." तू त्यावर विसंबून गेलीस आणि नंतर कधी त्याची आठवणही काढली नाहीस. काकांकडून किल्ली घेऊन मोजायला दहा मिनिटं लागली असती. शनिवारी मी दिवसभर वाचनालयात बसले होते. तिथल्या खिडकीतून लॅबचं दार दिसायचं. मी विसरले नव्हते, भिंगरी. मला आठवत होतं. आठवत असूनही मी जागची का हलले नाही, ते मला सांगता येतं, पण लिहवत नाही. तुलाही ते कळेल.

तू व्हरांड्यात काकांना बोलत होतीस तेव्हा मी तुझा दंड धरून तुला आवरत होते. सगळे म्हणाले, मोठी बहीण किती समजूतदार. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली.

केस चारमधली ती मैत्रीण मी स्वतःला उद्देशून लिहिली. नऊ वर्षं ती पडद्यावर दाखवते आहे आणि दर वेळी तिथं आल्यावर माझा आवाज छान लागतो. लोक म्हणतात, बाई किती तळमळीनं शिकवतात.

यावर तू काय लिहावंस हे मी कोण सांगणार.

ताई


१ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं उत्तर नाही. मागतही नाही. मावशीची तब्येत बरी आहे, एवढं एका ओळीत कळवलंस तरी पुरे.

ताई


१९ मार्च

प्रिय भिंगरी,

काल काय झालं ते तुला सांगितलंच पाहिजे, कारण मला ते दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

नव्या संशोधकांची तुकडी होती, एकतीस जण. केस चार आली. मैत्रीण चहाला नेते त्या जागी मी थांबले आणि म्हणाले, "हे खोटं आहे. अशी मैत्रीण नव्हती. जी होती तिनं गाइडकडे जाऊन सांगितलं आणि ती मी." तुझं नाव, आपलं नातं काही बोलले नाही. वाटलं, आता कोणीतरी उठून बाहेर जाईल, कोणीतरी खडसावून विचारेल, मग तुम्ही इथं उभ्या कशा?

कोणी विचारलं नाही. उलट टाळ्या. सगळ्यांनी वाजवल्या. सत्र संपल्यावर दोघी-तिघी डोळे पुसत भेटायला आल्या, म्हणाल्या, इतकं धाडस आम्ही कधी पाहिलं नाही. अभिप्रायाच्या कागदावर ‘सर्वांत परिणामकारक भाग’ म्हणून एकोणतीस जणांनी तेच लिहिलं. आमचे संचालक म्हणाले, हे दर तुकडीला करा.

मी खोलीत येऊन दार लावून बसले. माझी शरमसुद्धा माझ्या नावावर गुण मिळवून आली.

ताई


२ एप्रिल

ताई,

तुझी सगळी पत्रं मिळाली. टाळ्यांचं वाचून ते पत्र खिडकीबाहेर भिरकावणार होते, पण खाली शेजाऱ्यांची गाडी उभी असते.

आई बरी आहे.

मी परवा रविवारी काकांकडे जाऊन आले. माफ करायला जायचं होतं तेव्हा सोपं होतं, छान तयार होऊन बसमध्ये बसायचं. माफी मागायला जायचं म्हटल्यावर दर रविवारी काहीतरी काम निघायला लागलं. कपाट आवरलं, पडदे धुतले, आईचे जुने चष्मेसुद्धा पुसून ठेवले. शेवटी पुसण्यासारखं काही उरलं नाही.

त्यांच्या मुलीचं झेरॉक्सचं दुकान आहे, मागे दोन खोल्या. काका जमिनीवर वर्तमानपत्र पसरून शेजाऱ्यांचा टेबलफॅन खोलून बसले होते. स्क्रू एका झाकणात ओळीनं लावलेले. मला बघून म्हणाले, "वाटाणेवाल्या ना तुम्ही?"

मी पायाशीच बसले. म्हटलं, "काका, मी तुम्हाला व्हरांड्यात बोलले होते."

"चहाडखोर म्हणाला होतात."

"हो."

"आणखी एक म्हणाला होतात. ते मी लेकीसमोर बोलत नाही."

ताई, तो दुसरा शब्द मी विसरून गेले होते. त्यांनी असं म्हटल्यावर आठवला. मला तिथं बसवेना.

मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं नव्हतं, हे मला आत्ता दोन महिन्यांपूर्वी कळलं."

"मला तेव्हाच ठाऊक होतं. मी त्याच खोलीत होतो, स्टुलावर चढून वरच्या फळीवर फायली लावत होतो. शिपाई खोलीत असला तरी नसल्यासारखाच. तुमच्या ताई बोलल्या ते मी ऐकलं."

"मग मला सांगितलं का नाहीत? मी एवढं बोलत होते."

त्यांनी पंख्याचं पातं फडक्यानं पुसलं. म्हणाले, "एका खोलीत राहणाऱ्या बहिणी तुम्ही. आई दवाखान्यात. म्हटलं, पोरीचं शिक्षण तर गेलंच, आता बहीण पण जायची."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "यांचं पुढे काय झालं ते माहीत आहे तुम्हाला?" काका म्हणाले, "जाऊ दे गं." ती म्हणाली, "का जाऊ दे?"

त्या वर्षी काकांचं नाव उपकरण दुरुस्तीच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी गेलं होतं. ते करून आले असते तर तंत्रज्ञ झाले असते. त्यांनी त्यासाठी नवा शर्ट शिवून घेतला होता. व्हरांड्यातल्या प्रकारानंतर लॅबमधल्या मुलांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, कोणी त्यांच्यासमोर वही उघडेना. महिन्याभरात त्यांचं नाव कापलं गेलं. शेरा होता, ‘संशोधकांशी पटत नाही’. मग भांडारात बदली. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तिथं बाटल्या लावल्या.

तुझ्यावर ओरडावं म्हणून मी महिनाभर वाक्यं जुळवत होते. आता ओरडायला तोंड उघडते आणि माझाच व्हरांड्यातला आवाज ऐकू येतो. तू सरांना सांगितलंस ते खरं तरी होतं. आकडे खोटे होते आणि ते मी लिहिले होते. मी जे बोलले त्यात एक अक्षर खरं नव्हतं.

आणि लपवण्यात मी तुझ्याहून कमी नाही. सरांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, ‘कौटुंबिक कारणास्तव संशोधन सोडत आहे’. मी तेच घरी सांगितलं. आई आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "माझ्या दुखण्यापायी पोरीचं राहिलं." मी शेजारी बसून ऐकते. एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नाही.

तू मला पत्रं लिहून हलकी होऊ नकोस. जायचं असेल तर काकांकडे जा. आणि टाळ्या वाजवणारं कोणी बरोबर नेऊ नकोस.

भिंगरी


२७ एप्रिल

प्रिय भिंगरी,

जाऊन आले. एकटी गेले.

जाताना रिकाम्या हातानं जाववेना, म्हणून मूर्खासारखं एक पत्र तयार करून नेलं. आमच्या केंद्राच्या छापील कागदावर. तंत्रज्ञांच्या पुढच्या प्रशिक्षणात मार्गदर्शक म्हणून काकांनी यावं, अशी सन्मानपूर्वक विनंती. खाली माझी सही आणि शिक्का. ते बाहेर काढेपर्यंत मला वाटत होतं, मी काहीतरी चांगलं देते आहे.

आधी मी सांगायचं ते सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग कागद पुढे केला. त्यांनी तो हात लांब करून पूर्ण वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"आता नको, बाई," ते म्हणाले. "मला तेव्हा शिकायचं होतं. शिकवायचं नव्हतं."

मी म्हटलं, "मी आता तुमच्यासाठी काय करू?"

"आता काय करणार तुम्ही?" त्यांनी खरोखरच विचारलं, टोमणा नव्हता. मी उत्तर शोधत होते, ते वाट बघत होते. मग ते म्हणाले, "चहा घ्या." मुलीनं कप माझ्यापुढे ठेवला, माझ्याकडे बघितलं नाही. मी चहा प्यायले. निघताना काका दारापर्यंत आले नाहीत.

सोमवारी तंत्रज्ञांच्या त्याच प्रशिक्षणाची यादी माझ्याकडे सहीला आली. वर्षानुवर्षं येते, मी सही करते, खाली तारीख घालते. या वेळी मी विभागांकडून आलेले मूळ अर्ज मागवले. आमचा कारकून दोनदा विचारून गेला, "मूळ म्हणजे सगळे?" अर्ज एकोणीस होते आणि यादीत नावं अठरा. गळलेलं नाव प्रयोगशाळेतलं काचकाम करणाऱ्या एका बाईंचं. शेरा, ‘स्वभाव तापट’. मी विभागप्रमुखांना फोन करून विचारलं, कोणावर तापल्या? ते म्हणाले, "अहो, सगळेच म्हणतात." मी म्हटलं, "सगळे म्हणजे कोण, ते सहीनिशी लिहून द्या." दोन दिवसांनी नाव परत आलं, शेऱ्याशिवाय.

हे शाबासकीसाठी लिहीत नाही. अशा किती याद्यांवर मी न बघता सही केली असेल, ते मला माहीत नाही आणि आता कळायचा मार्गही नाही. जुने अर्ज दर पाच वर्षांनी रद्दीत जातात. तो नियम मीच केलेला आहे.

केस क्रमांक चार काढून टाकली. संचालकांनी कारण विचारलं. मी म्हटलं, जिची ती गोष्ट आहे तिला मी विचारलं नव्हतं.

ताई


१० मे

ताई,

काकांचं वाचलं. मलाही ते दारापर्यंत सोडायला आले नव्हते.

आता इकडचं ऐक. गेल्या शनिवारी दुपारी आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर जाऊन बसले आणि म्हटलं, "आई, माझं शिक्षण तुझ्यामुळे सुटलं नाही."

ती म्हणाली, "असू दे गं. तुझा स्वभावच तसा, म्हणून म्हणतेस."

म्हणजे बघ. मग मी सगळं सांगितलं. कपाट, वही, दोन रकाने, सरांनी विचारलं, मी कबूल केलं, त्यांनी काढून टाकलं. अर्जावर काय लिहिलं आणि का लिहिलं. काकांना काय बोलले तेही सांगितलं, दुसऱ्या शब्दासकट.

तिनं हातातला टॉवेल उलगडला, परत घडी घातली, परत उलगडला.

"म्हणजे तू खोटं लिहिलंस?"

"हो."

"आणि माझ्या दुखण्यामुळे नाही?"

"नाही. सरांनी मला प्रयोग पुन्हा करायला लावला असता, मी आधी सांगितलं असतं तर."

तिनं टॉवेल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तू ऑफिसातून दमून आलीस ना, की दर वेळी माझ्या मनात यायचं, मी दोन दिवस कळ काढायला हवी होती. सोमवारपर्यंत थांबले असते तर."

"आई, तुझं अपेंडिक्स पोटात फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, एक तास उशीर झाला असता तर."

"ते डॉक्टरांचं झालं," ती म्हणाली.

सतरा वर्षं, ताई. मी एक वाक्य बोलले नाही म्हणून ही बाई सतरा वर्षं मनातल्या मनात पोटातली कळ दाबून सोमवारची वाट बघत बसली होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवायला गेले तर तिनं मला दूर केलं आणि रागावली. चांगली तासभर रागावली. मी त्रेचाळीस वर्षांची, डोक्यात पांढरे केस, आणि समोर उभी राहून बोलणी खात होते. एवढं मोठ्यानं बोलताना मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाली, त्या माणसाकडे मला घेऊन चल, माझ्या मुलीनं त्याला शिवी दिली आहे. या महिन्याच्या अखेरीला आम्ही दोघी जाणार आहोत. तिचे गुडघे बसच्या पायऱ्या कशा चढणार हे मी विचारलं नाही.

मग तिनं विचारलं, सरांना कोणी सांगितलं? मी म्हटलं, ते मी सांगणार नाही. "म्हणजे तुला माहीत आहे?" म्हटलं, हो. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि पुढे विचारलं नाही.

तुझं नाव मी घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. ते तुझं तू येऊन सांग. रविवारी आम्ही दोघी घरीच असतो.

भिंगरी